इंग्लंडला हरवणारं गाव

हॅम्बल्डन क्लबाच्या इतिवृत्ताची वही १७९६च्या सप्टेंबरात संपते. २१ तारखेच्या बैठकीपुढे नोंद आहे ती इतकीच, की सभ्य गृहस्थांपैकी कुणी आलं नाही. त्याआधीच्या, २९ ऑगस्टच्या बैठकीला मोजके सभासद आणि त्यांच्याहून जास्त पाहुणे होते. त्या पाहुण्यांत एक नाव आहे टॉमस पेन, 'राइट्स ऑफ मॅन'चा कर्ता. पेन तेव्हा फ्रान्समध्ये होता आणि इंग्लंडने त्याला राजद्रोही ठरवलं होतं. हॅम्पशरच्या खेड्यात येऊन त्याने क्रिकेटवाल्यांच्या पंगतीला बसावं हे अशक्यच. कुणी तरी थट्टा केली आणि ती वहीत उतरली. घरघर लागलेल्या संस्थेला शेवटच्या महिन्यात विनोद सुचावा, ही गोष्ट मला त्या क्लबाच्या एकूण स्वभावाला धरून वाटते.

क्लब गेला तेव्हा त्याला पन्नास वर्षंही धड झाली नव्हती. नेमका कधी जन्मला याची तारीख नाही. हॅम्बल्डनचा संघ पहिल्यांदा दिसतो तो १७५६ साली, केंटमधल्या डार्टफर्डच्या संघाशी झुंजताना. त्यातला एक सामना ब्रॉडहाफपेनी डाउन या टेकडीवर झाला हे आपल्याला कळतं ते एका हरवलेल्या कुत्र्यामुळे. सामन्याच्या गर्दीत कुणाचा तरी कुत्रा सुटला, मालकाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, आणि जगातल्या एका थोर मैदानाचं नाव छापील कागदावर आलं. कोण जिंकलं यापेक्षा कुत्रा कुठे गेला याची चिंता जास्त होती, हे बरंच झालं.

हॅम्बल्डनला इंग्रज 'क्रिकेटचा पाळणा' म्हणतात. ते खरं नाही, आणि श्रद्धांजली वाहतानाही खोटं बोलू नये. क्रिकेट त्याआधी दोनशे वर्षं तरी होतं. सरेमधल्या गिल्फर्डच्या एका जमिनीच्या दाव्यात १५९८ साली जॉन डेरिक नावाच्या माणसाने साक्ष दिली, की आपण शाळकरी असताना त्या जागेवर क्रिकेट खेळायचो. तो काळ १५५०च्या आसपासचा. खेळाचे नियम १७४४ साली लंडनमध्ये लिहिले गेले. आणि खेड्यातल्या संघाने लंडनला धूळ चारावी हेसुद्धा नवं नव्हतं. ससेक्समधल्या स्लिंडन या गावाने १७४०च्या दशकात ते करून दाखवलं होतं. तिथे रिचर्ड न्यूलंड नावाचा अव्वल खेळाडू होता आणि पाठीशी रिचमंडचा ड्यूक. १७५० साली ड्यूक वारला आणि स्लिंडनचा दबदबा संपला. न्यूलंडचा भाचा, त्याच्याच हाताखाली शिकलेला रिचर्ड नायरन, पुढे हॅम्बल्डनला आला आणि तिथल्या संघाचा कर्णधार झाला. म्हणजे मामाच्या गावचा वैभवकाळ ओसरताना ज्याने पाहिला, त्यानेच भाच्याच्या गावचा उभा केला. धनवंताचा हात निघाला की गावाचं क्रिकेट कसं बसतं, हे त्याला घरातूनच माहीत असणार.

नायरनचं गावाबाहेरच्या टेकडीसमोर एक दारूचं दुकान-वजा-खाणावळ होतं. आज तिला 'बॅट अँड बॉल' म्हणतात. तो मैदानही बघायचा, जेवणाखाण्याचंही बघायचा, संघ निवडण्यात त्याचा शब्द असायचा आणि सामन्यात गोलंदाजीही करायचा. भांडण झालं तर लोक त्याच्याकडे यायचे. त्याचा मुलगा जॉन वडिलांना त्या टेकडीचा सेनापती मानून मोठा झाला, आणि त्या मुलामुळेच आपण आज हे सगळं बोलू शकतो. त्याच्याकडे मी पुढे येईनच.

आधी पैशाचं बोलू. हॅम्बल्डन क्लब आणि हॅम्बल्डनचा संघ या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. क्लबाचे सभासद सरदार, जमीनदार, खासदार, धर्मगुरू, आणि पोर्ट्समथचं बंदर जवळ असल्याने नौदलातले अधिकारी. खेळणारे मात्र चांभार, कुंभार, सुतार, मेंढपाळ, कुळवाडी. ते सभासद नव्हते. त्यांना सरावाला यायचे पैसे मिळत: दुपारी बाराच्या आत हजर असलं तर जिंकणाऱ्या बाजूच्या गड्याला चार शिलिंग, हरणाऱ्याला तीन. शेतमजुराला आठवडाभर राबून जे मिळे त्याच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. सामने मोठमोठ्या पैजांवर व्हायचे आणि पैजा सभासदांच्या असायच्या. क्लबाचा कणा होता चार्ल्स पॉलेट. हा पाद्री, बोल्टनच्या तिसऱ्या ड्यूकचा मुलगा, पण लग्नाआधीचा, म्हणून सरदारकीला मुकलेला. आई लव्हिनिया फेंटन, लंडनच्या रंगभूमीवर 'बेगर्स ऑपेरा'तली पॉली पीचम म्हणून गाजलेली नटी. वडिलांकडून पैसा, आईकडून तमाशाची हौस, आणि चर्चची नोकरी, अशा माणसाने क्रिकेटचा क्लब चालवावा यात नवल नाही. त्याचा जोडीदार फिलिप डेहॅनी. याच्या घराण्याचा पैसा जमैकातल्या साखरेच्या मळ्यांतून आलेला, म्हणजे गुलामांच्या घामातून. टेकडीवरच्या हिरवळीचं कौतुक करताना ही साखर जिभेवर ठेवूनच करावं लागतं.

सभासदांचं खरं प्रेम खेळावर होतं की जेवणावर, हे वहीवरून सांगणं कठीण. एका नोंदीत म्हटलंय की दिवस पावसाचा, सभासद तीनच, आणि वाइनच्या बाटल्या नऊ. माणशी तीन. बैठकीत ठरलेल्या क्रमाने पेले उचलले जात: राणीच्या आईसाठी, राजासाठी, क्लबासाठी, क्रिकेटसाठी, आणि 'मॅजच्या अमर स्मृतीसाठी'. ही मॅज कोण म्हणून पुढच्या काळातल्या सोवळ्या लेखकांनी पुष्कळ डोकं खाजवलं. तो त्या काळचा एक चावट शब्द होता, बाईचं नाव नव्हतं. पाद्रीबुवांच्या अध्यक्षतेखाली हे चालायचं.

पण याच लोकांच्या पैशाने गावच्या माणसांना आठवड्यातला एक दिवस हातातलं काम खाली ठेवून खेळता आलं. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात गावोगावचा पैलवान खुराकाची काळजी न करता तालमीत घाम गाळू शकला, त्यातलीच ही तऱ्हा. चांभाराला चांभारकी सोडावी लागली नाही आणि तरी तो देशातला पहिल्या प्रतीचा फलंदाज होऊ शकला. हॅम्बल्डनचं मोठेपण मला यात दिसतं. पैसा लंडनचा आणि जमीनदारांचा. पण तो माणसांपर्यंत यायचा, माणसांना त्याच्यामागे जावं लागायचं नाही.

चांभार म्हणजे जॉन स्मॉल. हॅम्बल्डनपासून काही मैलांवरच्या पीटर्सफील्डचा. चपला-बूट शिवता शिवता तो चेंडू शिवायला लागला, मग बॅटी घडवायला लागला, आणि शेवटी तोच त्याचा धंदा झाला. स्मॉलच्या तरुणपणी क्रिकेटची बॅट हॉकीच्या काठीसारखी खाली वाकलेली असे, कारण चेंडू जमिनीवरून घरंगळत यायचा. १७६०च्या सुमाराला गोलंदाजांनी चेंडूला टप्पा द्यायला सुरुवात केली. हात अजून खांद्याच्या खालीच, पण चेंडू आता हवेतून येऊन उसळू लागला, आणि वाकडी बॅट कुचकामी झाली. सरळ बॅट धरून, टप्पा ओळखून, चेंडू अडवण्याचं तंत्र स्मॉलने बसवलं असं मानतात. स्वतः बॅट करणारा आणि स्वतः ती चालवणारा माणूस असल्यावर दोन गोष्टी एकमेकींना घडवत जातात. १७७२ साली ब्रॉडहाफपेनीवर इंग्लंडच्या निवडक संघाविरुद्ध झालेल्या सामन्याचा धावफलक आज उपलब्ध आहे. पुष्कळ अभ्यासक प्रथम दर्जाच्या क्रिकेटची मोजदाद तिथूनच करतात. त्यात यजमानांच्या पहिल्या डावातल्या १४६ धावांपैकी ७८ एकट्या स्मॉलच्या. सामना यजमानांनी ५३ धावांनी जिंकला. १७७५ साली त्याने सरेविरुद्ध १३६ केल्या. मोठ्या सामन्यात धावफलकावर सापडणारं हे पहिलं शतक.

स्मॉल व्हायोलिनही वाजवायचा, चर्चमध्ये आणि बाहेरही. डॉर्सेटच्या ड्यूकने त्याला एक उत्तम व्हायोलिन भेट पाठवलं, वाहतुकीचा खर्च स्वतः भरून. चांभाराने उलट बॅटी आणि चेंडू पाठवले, आणि वाहतुकीचा खर्च त्यानेही स्वतःच भरला. एकदा शेतातून जाताना अंगावर आलेल्या बैलाला त्याने व्हायोलिन वाजवून थोपवलं, अशीही कथा आहे. बैलाची मी मोजतच नाही. ड्यूकची मात्र पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. बरोबरी कशी राखायची हे त्या माणसाला कुणी शिकवलेलं नव्हतं.

यष्टींमागे टॉम स्यूटर. गळा गोड, आणि जॉर्ज लीर या क्षेत्ररक्षकाबरोबर तो संध्याकाळी 'बॅट अँड बॉल'मध्ये सुरात गायचा. फलंदाजीत क्रीज सोडून पुढे येऊन चेंडू हाणायची हिंमत पहिल्यांदा त्याने दाखवली असं जॉन नायरन सांगतो. तोवर क्रीजमध्ये पाय रोवून उभं राहणं हाच धर्म होता. ससेक्समधल्या नॉर्थचॅपलचा नोआ मान दर सरावाला वीस मैल घोडा मारत यायचा, आणि भरधाव घोड्यावरून खाली पसरलेले रुमाल उचलून दाखवायचा. पोरंसोरं त्याच्या वाटेवर रुमाल टाकून ठेवत. तो १७८९च्या डिसेंबरात वारला. दिवसभर शिकार करून आलेला, प्यालेला, शेकोटीशेजारी झोपला आणि निखाऱ्यांत पडला.

मग डेव्हिड हॅरिस, कुंभार. हिवाळ्यात कोठारात एकटा गोलंदाजीचा सराव करणारा. त्याचा चेंडू काखेखालून सुटायचा आणि टप्प्यावरून अशा वेगाने उसळायचा की फलंदाजाची बोटं बॅटीच्या दांड्यावर ठेचली जायची. खेळपट्टी कुठे आखायची हे त्या काळी खेळाडू ठरवू शकत असत. सरेकडून खेळणारा थोर गोलंदाज लम्पी स्टीव्हन्स उताराची जागा शोधायचा, म्हणजे चेंडू खाली राहून सरकून यष्टींत घुसेल. हॅरिस चढाची जागा शोधायचा, म्हणजे चेंडू उडेल. कारकिर्दीच्या अखेरीस संधिवाताने हॅरिसचे पाय गेले. तरी त्याला मैदानावर आणायचे. एक मोठी आरामखुर्ची मांडायचे, तो चेंडू टाकायचा आणि खुर्चीत बसायचा. गोलंदाज खुर्चीत, समोर इंग्लंडचे फलंदाज, आणि तरी धावा निघायच्या नाहीत.

सरेच्या थर्स्ली गावाजवळून आलेले वॉकर बंधू, टॉम आणि हॅरी, राकट, सुरकुतलेल्या कातड्याचे, बाद होता होत नसत. याच टॉमने हात थोडा वर नेऊन चेंडू फेकल्यासारखा टाकून पाहिला. क्लबाने बसून विचार केला आणि ते गैर ठरवलं. पुढे तीसेक वर्षांनी साऱ्या इंग्लंडने ज्यावर भांडणं केली तो राउंडआर्मचा, म्हणजे हात असा वर नेऊन चेंडू टाकण्याचा, वाद टेकडीवर आधीच होऊन गेला होता.

हॅम्बल्डनचे दोन निर्णय मात्र आजही आपल्या हातात आहेत, अक्षरशः. १७७१च्या सप्टेंबरात चर्ट्सीशी झालेल्या सामन्यात रायगेटचा थॉमस व्हाइट फलंदाजीला आला तो यष्टींच्या रुंदीइतकी रुंद बॅट घेऊन. नियमात रुंदीवर बंधनच नव्हतं. हॅम्बल्डनने तो सामना एका धावेने जिंकला, तरी गोलंदाज थॉमस ब्रेटने कागद घेतला आणि ठराव लिहिला: बॅटीची रुंदी सव्वाचार इंचांपेक्षा जास्त नसावी. खाली ब्रेट, रिचर्ड नायरन आणि जॉन स्मॉल यांच्या सह्या. एक गोलंदाज, एक खाणावळवाला, एक बॅटी बनवणारा. हरल्यावर नियम बदलायला निघालेले पुष्कळ असतात. हे जिंकून निघाले. १७७४च्या सुधारित नियमांत सव्वाचार इंच आले आणि आजतागायत तेच आहेत. मेरठ-जालंधरच्या कारखान्यात घडलेली, शिवाजी पार्कवरच्या पोराच्या किटबॅगेतली बॅट त्या कागदाच्या मापाची असते.

दुसरी गोष्ट १७७५च्या मे महिन्यातली, लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर. पाच-पाच जणांचा सामना, हॅम्बल्डनचे पाच विरुद्ध केंटचे पाच. केंटच्या बाजूने लम्पी स्टीव्हन्स घेतलेला. शेवटचा गडी स्मॉल, जिंकायला चौदा धावा. त्या काळी यष्टी दोनच, मध्ये मोकळी जागा, वर एकच आडवी बेल. लम्पीचा चेंडू तीन वेळा स्मॉलला चकवून बरोबर दोन यष्टींमधून पार गेला, आणि तिन्ही वेळा बेल जागची हलली नाही. स्मॉलने चौदा धावा काढल्या आणि सामना जिंकला. पण बघणाऱ्यांना, हॅम्बल्डनच्या बाजूच्यांनासुद्धा, हे न्यायाचं वाटलं नाही. पुढच्या काही वर्षांत मधली यष्टी आली. या खेपेला बदल हॅम्बल्डनला लाभ झाल्यावर, त्यांच्या लाभाच्या विरुद्ध झाला. मला इथे पुन्हा तो व्हायोलिनच्या वाहतुकीचा खर्च आठवतो.

१७७७चा जून. केंटमधल्या सेव्हनओक्सच्या 'व्हाइन' मैदानावर हॅम्बल्डन विरुद्ध इंग्लंड, पैज हजार गिनींची. इंग्लंड म्हणजे आजच्यासारखा राष्ट्रीय संघ नव्हे. बाकीच्या परगण्यांतून श्रीमंत आश्रयदात्यांनी वेचून काढलेले खेळाडू. पण वेचलेले होते हे खरंच. इंग्लंडने पहिल्या डावात १६६ केल्या. बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला हॅम्बल्डनचा जेम्स आयलवर्ड मैदानात उतरला आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजून गेल्यावर बाद झाला. १६७ धावा. संघाच्या ४०३. इंग्लंडचा दुसरा डाव ६९ मध्ये गुंडाळला आणि एका खेड्याच्या नावाने खेळणाऱ्या संघाने एक डाव आणि १६८ धावांनी विजय मिळवला. म्हणजे इंग्लंडचे दोन डाव एकत्र केले तरी आयलवर्डच्या एकट्याच्या धावांपेक्षा ते जेमतेम अडुसष्टने पुढे होते. आयलवर्डचा हा उच्चांक १८२०पर्यंत टिकला. तो विल्यम वॉर्डने लॉर्ड्सवर मोडला.

याच बहराच्या काळातली आणखी एक गोष्ट जॉन नायरनने सांगितली आहे. इंग्लंडविरुद्धच्या एका सामन्यात हॅम्बल्डन मागे पडलं, तेव्हा पॉलेट आणि डेहॅनी या क्लबाच्या दोन खांबांनी घाबरून उलट बाजूला पैसे लावले. मग त्याच्या वडिलांनी, रिचर्ड नायरनने, टिकून खेळ केला आणि सामना जिंकून दिला. तो तंबूत आला तेव्हा मालकांचे चेहरे पडलेले. खाणावळवाल्याने पाद्रीबुवांना सुनावलं की पुन्हा आमच्यासारख्या माणसांच्या विरुद्ध पैसा लावू नका. सभासद आणि खेळाडू यांच्यातली रेघ त्या दिवशी कुठे होती, ते सांगायला नको.

पण गावचा संघ, गावचा संघ असं मी म्हणतोय, ते कुठवर खरं? स्मॉल पीटर्सफील्डचा, मान ससेक्सचा, वॉकर सरेचे. पुढे आलेला सगळ्यांत देखणा फलंदाज विल्यम बेल्डम हाही सरेमधल्या फार्नमजवळचा. सोनेरी-रुपेरी केसांमुळे त्याला सिल्व्हर बिली म्हणत, आणि फलंदाजीचा पहिला धडा त्याला दिला एका बेकरीवाल्याने, आल्याचे केक भाजणाऱ्या हॅरी हॉलने: डावं कोपर वर ठेव. तेव्हा हॅम्बल्डन हे गावापेक्षा एक ठिकाण होतं, जिथे तीन परगण्यांतले गुणी हात एकत्र यायचे. गावाचा अभिमान खरा होता, पण गावाचं बळ बाहेरून येत होतं. जे बाहेरून येतं ते बाहेर जाऊही शकतं.

आणि ते जाऊ लागलंच. आयलवर्डला सेव्हनओक्सच्या पराक्रमानंतर दोनेक वर्षांत केंटच्या सर होरेस मान यांनी आपल्या इस्टेटीवर कारभारी म्हणून नेलं. इस्टेटीचा कारभार त्याला किती जमला कोण जाणे; सर होरेसना हवा होता तो फलंदाज. मग डॉर्सेटच्या ड्यूकला ब्रॉडहाफपेनीचा वारा सोसेना. १७८२च्या सुमाराला क्लब गावाजवळच्या विंडमिल डाउनवर आला. नायरन त्याच्या कितीतरी आधीच टेकडीसमोरची खाणावळ सोडून गावातल्या 'जॉर्ज'मध्ये आलेला. जागा बदलली म्हणजे क्लब मरतो असं नाही. मात्र टेकडीवर जाताना ड्यूकला खेळाडूंकडे जावं लागत होतं, आणि आता खेळ ड्यूकच्या सोयीने सरकू लागला होता. हा फरक मला मोठा वाटतो.

लंडनमध्ये इस्लिंग्टनला व्हाइट कंड्युइट नावाचा क्लब होता. त्यातले बरेच सभासद हॅम्बल्डनचेही सभासद. विंचिल्सीच्या अर्लला आणि त्याच्या मित्रांना उघड्या माळावर, बघ्यांच्या गर्दीत खेळायचा कंटाळा आला. त्यांनी थॉमस लॉर्ड नावाच्या, क्लबाच्या नोकरीतल्या एका होतकरू माणसाला सांगितलं, खाजगी मैदान काढ, तोटा आमचा. १७८७ साली मॅरिलबोनमध्ये लॉर्डने कुंपण घातलेलं मैदान उघडलं. मॅरिलबोन क्रिकेट क्लब, म्हणजे एमसीसी, तिथलाच. पुढच्या वर्षी त्यांनी सुधारित नियमही छापले. नियम आता टेकडीवर तिघांच्या सह्यांनी व्हायचे नव्हते.

म्हातारपणी बेल्डमने पाद्री जेम्स पायक्रॉफ्टला सांगितलं की लंडनच्या सामन्याला जिंकलं तर पाच गिनी मिळायच्या, हरलं तर तीन. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. हॅम्बल्डनच्या सरावाच्या चार शिलिंगांशी ही तुलना सरळ नाही, तिथे सामन्याचा हिशेब वेगळा असायचा. तरी ओढ कुठली होती हे कळतं. या माणसांना मी दोष देणार नाही. कुंभाराने, कुळवाड्याने गावाच्या आठवणीसाठी पाच गिनी नाकाराव्यात अशी अपेक्षा आपण आरामात बसून करू शकतो. पण त्याच बेल्डमने पायक्रॉफ्टला लंडनची दुसरी बाजूही सांगितली: ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या खाणावळीत सट्टेवाले खेळाडूंना उत्तम दारू पाजायचे आणि सामने विकत घ्यायचे. पैजा हॅम्बल्डनमध्येही होत्याच. फक्त तिथे पैज हरलेल्या मालकाला नायरन तोंडावर सुनावू शकत होता.

१७९१ साली नायरन गाव सोडून गेला. १७९३ साली फ्रान्सशी युद्ध पेटलं आणि पोर्ट्समथचे नौदल अधिकारी समुद्रावर गेले. सभासदांच्या यादीतली नावं कमी होत गेली. १७९६ साली वही बंद झाली. पुढच्याच वर्षी नायरन वारला.

श्रद्धांजलीच्या लेखात गेलेल्याच्या मागे काय उरलं हे सांगायची पद्धत आहे. हॅम्बल्डन गावात क्रिकेट उरलं. ते कधी पूर्ण थांबलं नाही, आज गावचा क्लब रिज मेडोवर खेळतो आणि ब्रॉडहाफपेनीवरही सामने होतात. १९०८ साली 'बॅट अँड बॉल'समोर ग्रॅनाइटचा स्मृतिस्तंभ उभा केला आणि त्या निमित्ताने हॅम्बल्डन विरुद्ध इंग्लंड असा सामना पुन्हा एकदा भरवला. सी. बी. फ्राय त्यात हॅम्बल्डनच्या बाजूने खेळला. छान झालं असेल. पण सर्कशीतला सिंह आणि रानातला सिंह यांत फरक असतो.

खरं उरलं ते जॉन नायरनचं पुस्तक. वडिलांबरोबर गाव सोडून गेलेला हा मुलगा लंडनच्या परिसरात स्थिरावला. कवी कीट्सचा तरुणपणचा गुरुमित्र चार्ल्स कौडन क्लार्क याच्याशी त्याचा स्नेह जुळला. साठी उलटलेल्या नायरनने आठवणी सांगितल्या आणि क्लार्कने त्या लिहून सजवल्या. १८३३ साली 'द यंग क्रिकेटर्स ट्यूटर' प्रसिद्ध झालं, अर्पण विल्यम वॉर्डला, म्हणजे आयलवर्डचा विक्रम मोडणाऱ्याला. पुस्तक होतं पोरांना क्रिकेट शिकवणारं: कुठे उभं राहावं, बॅट कशी धरावी, क्षेत्ररक्षण कसं लावावं. त्याला मागे जोडलेला भाग जुन्या खेळाडूंचा. दोन वर्षांच्या आत इंग्लंडमध्ये राउंडआर्म गोलंदाजी कायदेशीर झाली आणि पुस्तकातली बरीच शिकवण जुनी पडली. मागचा भाग मात्र अजून छापला जातो. क्रिकेटवर साहित्य म्हणून वाचावं असं इंग्रजीत जे काही आहे, ते तिथून सुरू होतं.

त्या भागात एक छोटा शेतकरी येतो. रानात मेंढ्या चरायला सोडून तो दिवसभर एका कुडावर नेम धरून गोलंदाजी करत बसायचा. चेंडू टाकायचा, जाऊन आणायचा, पुन्हा टाकायचा. त्यातून त्याला ऑफकडून लेगला वळणारा चेंडू सापडला, जो तोवर कुणाला ठाऊक नव्हता. केंट-सरेचे फलंदाज चक्रावून गेले. नायरनने त्याला लॅम्बर्ट म्हटलंय. जुन्या धावफलकांत तो लॅम्बॉर्न आहे. इतिहासकारांनी धावफलकांची बाजू घेतली. पण चेंडू कुठे पडून कुठे वळायचा याबाबत नायरनच्या शब्दाला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.